जनरेटर पेट्रोल ओढत नाही, तेव्हा अडतं कुठे?

गणपती तोंडावर आले की मंडपामागे पडलेला दोन-अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर बाहेर निघतो. दोरी ओढली की चोकवर (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणाऱ्या कळीवर) सुरू होतो आणि चोक सोडला की मान टाकतो. लग्नसराईत केटररकडे तेच, पावसाळ्यात वीज गेली की दुकानदाराकडे तेच. ऑगस्ट 2025 मध्ये इथेनॉल मिसळलेल्या ई-20 पेट्रोलवरून देशभर वाद पेटला आणि या दुखण्याला एक आयता आरोपी मिळाला: "इथेनॉलनं कार्ब्युरेटर खाल्ला."

इथेनॉलचा त्यात वाटा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. बहुतेक वेळा जनरेटर पेट्रोलच्या जातीमुळे बंद पडत नाही, ते पेट्रोल महिनोन्‌महिने आत पडून राहिल्यामुळे बंद पडतो. आणि दोष कुठे आहे हे कार्ब्युरेटर न उघडता, एक काचेची बाटली आणि नटबोल्टचे दोन पाने घेऊन, बऱ्याचदा पंधरा मिनिटांत कळतं.

## टाकीपासून इंजिनापर्यंत

साध्या जनरेटरमध्ये पेट्रोल वजनानेच खाली येतं. टाकीच्या तळाशी जाळी असते, तिच्याखाली कॉक. कॉकला बऱ्याचदा छोटी वाटी असते, तिच्यात कचरा आणि पाणी बसतं. तिथून रबरी नळी कार्ब्युरेटरला जाते.

पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळणारा भाग म्हणजे कार्ब्युरेटर. त्याच्या खालच्या बाऊलमध्ये थोडंसं पेट्रोल कायम साठलेलं असतं आणि त्यावर फ्लोट तरंगतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जसा बॉल व्हॉल्व्ह असतो तसंच हे काम: पातळी खाली गेली की फ्लोट उतरतो, त्याला अडकवलेली सुई मागे सरते आणि वरून पेट्रोल येतं, पातळी भरली की सुई भोक बंद करते. बाऊलमधलं पेट्रोल पितळी जेटमधून वर ओढलं जातं. जेट म्हणजे मोजून पाडलेलं भोक असलेला स्क्रू. मुख्य जेटचं भोक एक मिलिमीटरपेक्षा बारीक असतं, पायलट जेटचं (लोड नसताना इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या जेटचं) तर त्याच्याही निम्म्याच्या आसपास. सगळ्या रडकथेचं मूळ या दोन भोकांत आहे.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. टाकीतून पेट्रोल खाली जायचं असेल तर तेवढी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असतं. काही इन्व्हर्टर जनरेटरच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटने वीज स्थिर करून देणाऱ्या जनरेटरच्या) झाकणावर त्यासाठी चक्क चालू-बंदची कळ असते. ती बंद राहिली तर जनरेटर काही मिनिटं छान चालतो आणि मग गुदमरतो. अशा जनरेटरचा कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ करा, फरक पडत नाही.

## ई-20 ने नेमकं काय बदललं?

ई-20 म्हणजे 80 टक्के पेट्रोल आणि 20 टक्के इथेनॉल. हे मिश्रण गाठण्याचं उद्दिष्ट आधी 2030 सालचं होतं, ते अलीकडे ओढलं गेलं आणि 2025 मध्ये गाठलं. ऊस आणि साखर कारखान्यांमुळे महाराष्ट्राचा या धोरणाशी संबंध जवळचा, त्यामुळे इथला वाद लवकर राजकारणाकडे वळतो. आपण इंजिनाकडे राहू.

पहिला फरक प्रमाणाचा. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला 14.7 किलो हवा लागते, ई-20 ला साधारण 13.5. म्हणजे त्याच हवेसाठी इंधन जरा जास्त हवं. इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. जनरेटरच्या कार्ब्युरेटरला सेन्सर नाही. जेटचं भोक आहे तेवढंच. त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. जेट स्वच्छ असेल तर हा फरक बहुतेक इंजिनं पचवतात. पण जेट आधीच थोडा बुजलेला असेल तर पूर्वी जेमतेम चालणारा जनरेटर आता चोकशिवाय उभा राहत नाही. म्हणून लोकांना वाटतं की ई-20 ने "एकदम" बिघडवलं.

दुसरा फरक रबराचा. जुन्या नळ्या, ओ-रिंगा आणि सुईचं टोक इथेनॉलमध्ये फुगतं किंवा कडक होऊन तडकतं. तिसरा फरक खरं तर गुणच आहे: इथेनॉल चांगलं विद्रावक आहे. वर्षानुवर्षं टाकीला चिकटलेला थर ते सोडवतं आणि तो थर थेट जाळीत नाहीतर जेटमध्ये येऊन बसतो.

तुमचं मॉडेल ई-20 साठी आहे का, हे टाकीवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत बघा. अनेक जुन्या पुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. तसा जनरेटर ई-20 वर लगेच मोडत नाही, पण त्याच्या नळ्या आणि ओ-रिंगा वेळेआधी बदलण्याची तयारी ठेवावी.

## "इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं ना?"

ओढतं. पण बंद टाकीत नुसत्या हवेतल्या ओलाव्याने पेट्रोल आणि पाणी वेगळं होईल इतकं पाणी सहसा जमत नाही. 10 टक्के इथेनॉल असलेल्या एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण 5 मिली, म्हणजे एक चहाचा चमचा पाणी विरघळून राहतं; ई-20 मध्ये त्याहून जास्त. जनरेटर पावसात उघड्यावर राहिला, झाकणाच्या खोलगट भागात पाणी साचून आत झिरपलं, किंवा पेट्रोल आणलेला कॅनच ओला होता, तर मात्र मर्यादा ओलांडली जाते. मग पाणी आणि इथेनॉल मिळून एक वेगळा थर होतो आणि तो तळाशी बसतो, म्हणजे बरोबर कॉकच्या तोंडाशी. हे पेट्रोल हलवून, गाळून किंवा वरून ताजं ओतून सुधारत नाही. सगळं काढावंच लागतं.

## साठलेल्या पेट्रोलचं काय होतं?

पेट्रोलमधले हलके घटक आधी उडून जातात. थंड इंजिन सुरू करायला तेच लागतात. उरलेलं हवेशी मिसळून हळूहळू डिंकासारखं चिकट होतं. टाकीत हे सावकाश होतं. बाऊलमध्ये पेट्रोल थोडं, वरून तो बाहेरच्या हवेला उघडा, त्यामुळे तिथे झपाट्याने होतं.

कॉक उघडा राहिला तर आणखी वाईट. बाऊलमधलं पेट्रोल उडतं, फ्लोट खाली जातो, वरून नवं येतं, तेही उडतं, आणि प्रत्येक खेपेला मागे राहिलेला चिकटा वाढत जातो. दोन-तीन महिन्यांनी बाऊल उघडला तर तळाला मधासारखा तपकिरी थर दिसतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि पितळी जेटच्या तोंडाशी हिरवट कड. ताजं पेट्रोल तीन आठवडे-महिनाभर बिनघोर चालतं. त्यापुढे भरवसा नाही, उन्हात ठेवलेल्या जनरेटरमध्ये तर नाहीच.

## हात लावण्याआधी

काम उघड्यावर, इंजिन थंड झाल्यावर करा. जवळ विडी-सिगारेट, गॅसची शेगडी, देव्हाऱ्यातला दिवा नको. फ्रिज, टीव्ही, साउंडचे प्लग काढून ठेवा. खालीवर होणारं इंजिन व्होल्टेजही खालीवर करतं. आणि चालवून बघताना जनरेटर खोलीत, पडवीत किंवा शटरच्या आत नको. खिडक्या-दारांपासून निदान 6 मीटर लांब, धूर पलीकडे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

## दोष पेट्रोलचाच आहे, हे कशावरून?

आधी तेल बघा. बहुतेक जनरेटरमध्ये इंजिन ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो. जनरेटर उतारावर ठेवला तरी तो फसतो. लक्षण मात्र पेट्रोल संपल्यासारखंच, आणि निम्मे लोक इथेच चकतात.

मग दहा वेळा दोरी ओढा आणि लगेच स्पार्क प्लग काढा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोहोचत नाहीये. ओला असेल तर पेट्रोल येतंय; मग एकतर ठिणगी नाही किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर येतंय. बऱ्याच छोट्या इंजिनांत प्लगच्या टोकाची फट 0.7 ते 0.8 मिलिमीटर असते, तीही त्याच हाताने बघून घ्या.

शंका उरली तर प्लगच्या भोकातून अर्धा चमचा ताजं पेट्रोल टाका, सांडलेलं पुसा, प्लग घट्ट बसवा आणि दोरी ओढा. दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडलं, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चालण्याइतपत आहे; दोष पेट्रोलच्या वाटेवर आहे हे सिद्ध झालं. एअर फिल्टरच्या तोंडात पेट्रोल ओतून हा प्रयोग करू नका, भडका उलटा तोंडावर येतो.

## लक्षणावरून जागा

चोकवर चालतो आणि चोक काढला की मरतो: जेट बुजलाय किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय. रिकामा चालतो पण लोड टाकला की बसतो: मुख्य जेट अर्धवट बंद, किंवा वरून पेट्रोल पुरत नाही. आवाज सतत वाढतो-उतरतो, ज्याला मेकॅनिक हंटिंग म्हणतात, तिथे पायलट जेटकडे आणि इमल्शन ट्यूबच्या (मुख्य जेटच्या वर बसलेल्या नळीच्या) बाजूच्या भोकांकडे बघायचं. पाच-दहा मिनिटं चालून बंद पडतो आणि जरा थांबल्यावर परत सुरू होतो: झाकणाचं छिद्र.

काळा धूर, पेट्रोलचा वास आणि ओला प्लग हे उलट टोक. सुई गळतेय, चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तेलाने माखलाय. तेव्हा ऑइलची काडी काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल तर इंजिन सुरूच करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. कॉक उघडा ठेवून टेम्पोतून नेलेल्या जनरेटरमध्ये हे हमखास होतं: हिंदकळण्याने फ्लोट नाचतो, पेट्रोल बाऊलमधून ओसंडून सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. सुई दुरुस्त करून ऑइल बदलायचं, मगच पुढचं.

## वरून खाली उतरा

झाकण सैल करून जनरेटर चालवा. आता बंद पडत नसेल तर काम झालं. झाकणाचं छिद्र साफ करा.

फरक पडला नाही तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरकडची नळी सोडवा, तिचं तोंड काचेच्या बाटलीत धरा आणि कॉक उघडा. दोन-अडीच केव्हीएचा जनरेटर तासाला साधारण सव्वा लिटर पितो, म्हणजे मिनिटाला फक्त 20 मिलीच्या आसपास. ठीक असलेली नळी मिनिटाला 100 मिली तरी सहज सोडते. पूर्ण मिनिटभर धार बघा, पाच सेकंदांवर समाधान मानू नका. सुरुवातीला जोरात आणि मग थेंबथेंब, म्हणजे झाकण किंवा जाळी. पहिल्यापासून थेंबथेंब, म्हणजे कॉकची वाटी, जाळी किंवा आतून फुगलेली नळी. नळी बाहेरून नवी दिसली तरी आतून बंद असू शकते. बदलताना ई-20 चालेल अशी घ्या. मध्ये कोणी कारचा फिल्टर बसवला असेल तर काढून टाका. तो पंपाच्या दाबासाठी असतो, वजनाने येणारं पेट्रोल त्यातून नीट उतरत नाही.

बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेडासमोर धरा. तळाशी वेगळी रेघ किंवा मण्यांसारखे थेंब दिसले तर पाणी. गढूळ असेल तर पाणी सुटण्याच्या बेतात आहे. गडद पिवळं आणि रंगाच्या दुकानासारखा वास, म्हणजे शिळं.

काही इन्व्हर्टर जनरेटरमध्ये टाकी खालच्या बाजूला असते आणि पडद्याचा छोटा पंप पेट्रोल वर ढकलतो. तो इंजिनाच्या आतल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो, त्यामुळे तिथे धार आपोआप येणार नाही. पंपाची बाहेरची नळी बाटलीत धरून दोरी ओढा. प्रत्येक ओढीला उसळी यायला हवी. आली नाही तर इंजिनाकडून पंपाला येणारी बारीक नळी तडकलीय का ते आधी बघा, पंप नंतर.

धार ठीक असेल तर नळी परत जोडा आणि बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा. साठलेलं बाहेर येईल आणि मागून नवं येत राहायला हवं. थांबलं तर सुई चिकटलीय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाऊलवर हलके दोन ठोके दिले की कधीकधी सुटते. मागून नीट येत असेल तर मात्र आता जेट, आणि आता कार्ब्युरेटर.

## कार्ब्युरेटर उघडताना

कॉक बंद. खाली पांढरं कापड अंथरा, पितळी भाग त्यावर दिसतात. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः गव्हर्नरची (इंजिनाच्या फेऱ्या स्थिर ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग कोणत्या भोकात आहे त्याचा.

बाऊलचा बोल्ट बहुतेक 10 नंबरच्या पान्याने निघतो. पिन सरकवली की फ्लोट आणि सुई हातात येते. सुईच्या टोकाला गोल खाच पडलेली दिसली तर सुई बदला. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय.

मधल्या खांबात खालून मुख्य जेट बसलेला असतो. त्याला अगदी नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर हवा. पितळ मऊ असतं, खाच एकदा चेपली की जेट निघणं मुश्किल. जेट निघाला की त्याच्यामागून बाजूला भोकं असलेली नळी खाली घसरते, ती इमल्शन ट्यूब. लोक जेट साफ करतात आणि ही आतच सोडतात, म्हणून दोन दिवसांनी परत हंटिंग सुरू होतं. पायलट जेट वरच्या बाजूला, बऱ्याचदा थ्रॉटल स्टॉप स्क्रूच्या आडोशाला असतो आणि चिमटीने वर ओढून निघतो.

भोकात सुई, टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका. भोक किंचित जरी मोठं झालं तरी प्रमाण कायमचं बिघडतं. वायरमधली तांब्याची एकच बारीक तार, कार्ब क्लीनरचा स्प्रे आणि कमी दाबाची हवा एवढं पुरतं. डोळ्यांवर चष्मा असू द्या, स्प्रे दुसऱ्याच भोकातून तोंडावर येतो. रबरी भाग स्प्रेपासून लांब ठेवा. जेट उजेडाकडे धरून बघा: भोक पूर्ण गोल, काठाला काही चिकटलेलं नाही. नुसता उजेड दिसला म्हणजे साफ झाला असं नाही. अर्धं बुजलेल्या भोकातूनही उजेड दिसतोच.

होंडाच्या जीएक्स-160 जातीच्या इंजिनात फ्लोटची उंची 13.7 मिलिमीटर असते. इतर इंजिनांची त्यांच्या पुस्तिकेतून घ्या. बाऊलची रबरी रिंग फुगून खाचेत बसत नसेल तर ताणून बसवू नका. तासाभर सुकू द्या, नाहीतर नवी घाला. जोडून झाल्यावर कॉक उघडून पाच मिनिटं कुठे गळतंय का ते बघा, मगच दोरी.

गव्हर्नरच्या स्क्रूला हात लावू नका. साधा जनरेटर मिनिटाला 3000 फेऱ्यांवर 50 हर्ट्झ देतो. मिसिंग झाकायला म्हणून फेऱ्या वाढवल्या की व्होल्टेज आणि हर्ट्झ दोन्ही वाढतात आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर जातो.

## "मेकॅनिक म्हणतो, नवाच कार्ब्युरेटर टाका"

स्वस्त कॉपी कार्ब्युरेटर मिळतात, आणि आतून पांढरा होऊन खड्डे पडलेल्या कार्ब्युरेटरला बदलण्याशिवाय इलाज नसतो. पण दोष जाळीत किंवा झाकणात असेल तर नवाही तसाच वागेल. शिवाय कॉपीचा जेट तुमच्या इंजिनाच्या आकड्याचा असेलच असं नाही. जुन्या जेटवर नंबर कोरलेला असतो. नवा घेताना तो जुळवा, आणि जुना जेट फेकू नका.

पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटलीबंद औषधांबद्दलही विचारणा होते. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलचं शिळं होणं लांबवतो, शिळं झालेलं परत ताजं करत नाही. 100 ऑक्टेनचं महाग पेट्रोल बुजलेला जेट उघडत नाही. थोडं रॉकेल मिसळण्याचा जुना उपाय फक्त पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या जनरेटरांचा होता. इतरांत त्याने काजळी वाढते, फायदा काही होत नाही.

## ठेवून देताना

महिन्यापेक्षा जास्त काळ लागणार नसेल तर टाकी रिकामी करा. निदान कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि त्यानंतर ड्रेन स्क्रू उघडा. चालवून संपवलं तरी बाऊलच्या तळाशी थोडं उरतंच आणि तेवढंच जेट बुजवायला पुरतं. सतत तयार ठेवायचा असेल तर महिन्यातून एकदा निम्म्या लोडवर वीसेक मिनिटं चालवा. रिकामा दोन मिनिटं फिरवण्याने काही साधत नाही.

## कॅरॅव्हॅनमध्ये वेगळं काय?

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन (राहण्याची सोय असलेली गाडी) पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून कोकणात आणि घाटावर अशा गाड्या दिसायला लागल्या आहेत. आपल्याकडच्या गाड्या बहुतेक डिझेलवरच्या, त्यामुळे छोटा पेट्रोल जनरेटर मागच्या कप्प्यात स्वतःच्या टाकीसह ठेवला जातो. कप्पा बंद असेल तर उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि धार तुटते, यालाच व्हेपर लॉक म्हणतात. ओळख सोपी: दुपारी बंद पडतो, कप्पा उघडून अर्धा तास थांबलं की चालतो, सकाळी कधीच त्रास देत नाही. इलाज कप्प्याला हवा देणं आणि नळी सायलेन्सरपासून दूर नेणं हाच. कार्ब्युरेटरचा इथे संबंध नाही.

अमेरिकेतल्या पेट्रोल मोटरहोममध्ये जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो. तिथे भाड्याने अशी गाडी घेणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. जनरेटरची शोषनळी टाकीत मुद्दाम वर, साधारण पाव टाकीच्या पातळीला ठेवलेली असते, म्हणजे रात्रभर एसी चालला तरी सकाळी पंपापर्यंत जायला पेट्रोल उरावं. काटा पावावर आला की जनरेटर बंद पडतो, गाडी मात्र झकास सुरू होते, आणि लोक फिल्टर बदलायला बसतात.